शिक्षकांना शिकवणारा प्राध्यापक निवडताना शाळेतल्या अनुभवाची अट हवी का?

सुजाता_अध्यापन

नमस्कार मंडळी,

मी एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात शिकवते. बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे सहायक प्राध्यापकाची एक जागा भरायला परवानगी मिळाली आहे. बिंदुनामावली (जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची ते ठरवणारी नोंद) तपासून आली, आता जाहिरातीचा मसुदा चालू आहे. किमान पात्रता युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ठरवलेली असते, तिथे विभागाचं काही चालत नाही. पण 'इष्ट पात्रता' या रकान्यात काय लिहायचं ते विभागाने सुचवायचं आहे. मी सुचवलं : 'शाळेत किमान ३ वर्षं पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव.'

त्यावरून बैठकीत चांगलंच वाजलं. एक सहकारी म्हणाले, विद्यापीठ म्हणजे काही डी.एड. कॉलेज नाही, इथे संशोधन महत्त्वाचं. दुसऱ्या म्हणाल्या, अशाने अर्जच येणार नाहीत. तिसऱ्यांनी विचारलं की ही अट कुणा ठरावीक उमेदवारासाठी तर नाही ना. हे मला फार लागलं, पण ते सोडा.

माझं म्हणणं साधं आहे. आजच्या नियमांत एखादी व्यक्ती बी.ए., एम.ए., बी.एड., एम.एड., नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि पीएचडी अशी सरळ चढत जाते आणि थेट भावी शिक्षकांना शिकवायला उभी राहते. शाळेच्या वर्गात तिने घेतलेले तास म्हणजे बी.एड.चे सराव पाठ आणि आंतरवासिता (इंटर्नशिप), बस्स. अशी हुशार, अभ्यासू माणसं मी पाहिली आहेत. पण विद्यार्थिनी जेव्हा विचारते, 'मॅडम, वर्गात दहा मुलांना वाचताच येत नाही आणि धडा तर पुढे न्यायचाय, मग काय करू?' तेव्हा त्यांच्याकडे द्यायला काही नसतं.

तुमच्यापैकी जे बी.एड., एम.एड. झालेत, जे शिकवतात, जे अशा मुलाखतींना जाऊन आलेत, त्यांनी लिहा. अट हवी का? हवी असेल तर तपासायची कशी?

गावशाळा

शंभर टक्के हवी. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. आधी डी.एड., मग नोकरी करत बी.एड. केलं. बी.एड.ला एका सरांनी 'बहुवर्ग अध्यापन' हा घटक घेतला. व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा. आम्ही निम्मे लोक तेव्हा दोनशिक्षकी शाळांवर होतो. पहिली-दुसरीला गणन चालू असताना तिसरी-चौथी गप्प कशी ठेवायची, हे आम्ही रोज करत होतो. एका बाईंनी विचारलं, सर, एकाच खोलीत दोन फळे समोरासमोरच्या भिंतीवर लावावेत की शेजारी शेजारी? सर म्हणाले, हे परीक्षेला येत नाही.

फळे समोरासमोर लावायचे. म्हणजे मुलांच्या पाठी एकमेकांकडे होतात आणि एका गटाचं लक्ष दुसऱ्या गटाच्या फळ्याकडे जात नाही. हे आम्हाला केंद्रप्रमुखांनी सांगितलं.

तासिकावाला

ताई, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण आमच्यासारख्यांना तो वाचून पोटात गोळा येतो. नेट आहे, पीएचडी आहे, आणि मी अजून सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तासिका तत्त्वावर. सत्र सुरू झालं की नेमणूक, संपलं की घरी. उन्हाळ्यात हातात काही नाही. तासिका तत्त्वावरच्या कामाचा दाखला मागायला गेलं तर प्राचार्य 'बघू' म्हणतात. आणि आता त्यात शाळेचा अनुभवही हवा?

राज्यात अनेक वर्षं पदभरतीवर बंदी होती. २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या जागांना मंजुरी मिळाली, पण ती साऱ्या राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांच्या सगळ्या विषयांसाठी. शिक्षणशास्त्राच्या वाट्याला त्यातलं किती येणार? बी.एड. कॉलेजं बहुतेक विनाअनुदानित. आमच्यासाठी जागाच नसतात. आधी जागा निघू द्या, अटींचं मग बघू.

राधिका_पी

तासिकावाला, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत.

निळाई

मी थोडं वेगळं मत मांडते. शिक्षणशास्त्र म्हणजे फक्त शिक्षक घडवणं, हे गृहीतकच मला पटत नाही. शिक्षणाचा इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, धोरण हेही शिक्षणशास्त्रच. ज्या संशोधकाने आदिवासी भागातल्या शाळागळतीवर कितीतरी वर्षं काम केलंय, त्याने सहावीला भूगोल शिकवलेला नाही म्हणून त्याला बाहेर ठेवायचं?

भारतातला शिक्षणावरचा सर्वांत मोठा अहवाल ज्या आयोगाने दिला त्या १९६४-६६ च्या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी भौतिकशास्त्रज्ञ होते. सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे. शाळेतल्या नोकरीचा दाखला मागून ही माणसं निवडता आली असती का? वर्गाचा अनुभव मोलाचा, पण तो एकच एक दरवाजा करू नका. विद्यापीठाचा विभाग आधीच लहान, त्यात सगळे एकाच वाटेने आलेले असले तर नवा विचार यायचा कुठून?

पाटीपेन्सिल

निळाई, कोठारी आयोगाचं नाव काढलंत तर त्याच अहवालातलं शिक्षक-प्रशिक्षणावरचं प्रकरणही आठवा. त्यांची मोठी तक्रार होती ती तुटलेपणाची. प्रशिक्षण महाविद्यालयं एकीकडे विद्यापीठाच्या जीवनापासून तुटलेली, दुसरीकडे शाळेच्या रोजच्या जगण्यापासून तुटलेली आणि एकमेकांपासूनही तुटलेली. अर्धं तुटलेपण तुम्ही सांगताय, अर्धं सुजाताताई सांगताहेत. साठ वर्षं होत आली त्या अहवालाला.

आणि जे. पी. नाईकांचं म्हणाल तर चित्रा नाईकांबरोबर १९४८ मध्ये त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली ती नुसतं पुस्तकी संशोधन करायला नव्हे. गावात जाऊन, प्रौढांच्या रात्रशाळा आणि मुलांचे वर्ग पाहून ही माणसं बोलत होती. दाखला नसेल त्यांच्याकडे, वर्ग होता.

निळाई

हे मान्य. मग अट 'शाळेत नोकरी' अशी न ठेवता 'शालेय शिक्षणाच्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम' अशी ठेवा ना.

रोस्टरकर

थोडं नियमांचं सांगतो, कारण चर्चा भावनेवर चालली आहे आणि छाननी समिती कागदावर चालते.

विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी युजीसीचे २०१८ चे नियम लागू होतात. पदव्युत्तर ५५ टक्के, आणि नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) किंवा नियमात बसणारी पीएचडी. मधे विद्यापीठ विभागांसाठी पीएचडी सक्तीची होणार होती, २०२१ ची तारीख पुढे ढकलत २०२३ वर नेली आणि शेवटी २०२३ मध्ये सक्तीच काढली. शिवाय एम.एड., बी.एड. शिकवायचं तर एनसीटीईचे, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे, निकष.

मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते गुणतक्त्यावरून ठरतं. विद्यापीठाच्या तक्त्यात पीएचडीला ३०, शोधनिबंधांना कमाल १०, अध्यापन वा पोस्ट-डॉक्टरल अनुभवाला कमाल १०. आता गंमत बघा. हे गुण फक्त बोलावण्यापुरते. निवड मात्र केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर करायची, असं त्याच नियमांत स्पष्ट लिहिलंय. म्हणजे दोन टोकं आहेत. दारात निव्वळ कागद, आत निव्वळ मुलाखत. शाळेतला अनुभव दारात मोजलाच जात नाही, निदान मी ज्या छाननीत बसलो तिथे तरी नाही. आत गेल्यावर समितीला वाटलं तर विचारतात.

त्यामुळे सुजाताताई, 'इष्ट' रकान्यात लिहिलंत तर तेवढ्याने कुणी अपात्र ठरणार नाही. पण तेवढ्याने कुणी पुढेही येणार नाही. इष्ट पात्रतेला छाननीत किती आणि कसं वजन, हे जाहिरातीच्या आधी ठरावात लिहून घ्या. जाहिरात निघाल्यावर निकष बदलला तर कोर्टात जातो आणि जागा अडकते. मग वर्षानुवर्षं कुणीच येत नाही.

केतकी_ओहायो

इथे अमेरिकेत मी एका सरकारी विद्यापीठाच्या कॉलेज ऑफ एज्युकेशनमध्ये आहे आणि निवड समितीवर दोनदा काम केलंय म्हणून लिहिते. इथल्या जाहिरातींत शिक्षक घडवणाऱ्या पदांसाठी 'शाळेत किमान तीन वर्षं शिकवल्याचा अनुभव' ही ओळ अगदी नेहमीची आहे, कधी इष्ट तर कधी चक्क आवश्यक. शिक्षणधोरण किंवा संख्याशास्त्राच्या पदाला ती नसते. म्हणजे निळाई आणि सुजाता, तुम्ही दोघी बरोबर आहात. अट पदाप्रमाणे ठरते, विभागाप्रमाणे नाही.

दुसरा फरक वेळेचा. शेवटच्या तीन-चार उमेदवारांना प्रत्येकी एक-दोन दिवस बोलावतात. एक व्याख्यान संशोधनावर, सगळ्यांसाठी खुलं. एक तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना शिकवायचा. मग डीन, प्राध्यापक, विद्यार्थी यांच्याशी वेगवेगळ्या भेटी. विद्यार्थी लेखी अभिप्राय देतात आणि तो वाचला जातो. भारतात माझी मुलाखत झाली होती तेव्हा पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं, आणि त्यातली पाच मिनिटं कागद चाळण्यात गेली.

गावशाळा

दोन दिवस मुलाखत! मग जेवणखाण कुणाकडे? 🙂

केतकी_ओहायो

विभागाकडे. पण मास्तर, जेवतानाही मुलाखत चालूच असते. पहिल्या वर्षी मला वाटलं आता जरा मोकळं बसावं, तर शेजारच्या बाईंनी सूप पुढे करत विचारलं, 'तुमच्या वर्गात इंग्रजी न येणारं मूल आलं तर पहिल्या आठवड्यात काय कराल?'

गावशाळा

मग आमच्या शाळेतल्या खिचडीच्या पंगतीला बोलवा उमेदवारांना. सगळं कळेल.

शुभदा_नाशिक

विषय निघालाच आहे तर सराव पाठांबद्दलही बोलूया का? आमच्या वेळी पाठ टाचण, थर्मोकोलची प्रतिकृती, रंगीत तक्ते, फ्लॅश कार्ड. एका पाठाचे तक्ते करायला रात्र जायची. निरीक्षणवहीत शेरा काय, तर 'फलकलेखन सुधारा', 'आवाजात चढउतार हवा', 'प्रस्तावना छान'. मुलांना काय समजलं यावर एकही ओळ नाही. दोन वर्षांच्या वहीत एकदाही नाही! निरीक्षण करणाऱ्या मॅडम शेवटच्या बाकावर बसायच्या, पण मुलांच्या वह्या कधी उघडून पाहायच्या नाहीत. शाळेत शिकवलेली व्यक्ती पहिल्यांदा वह्याच बघेल.

मोहन_जी

आमच्या कॉलेजात तक्ते सीनियर-ज्युनियर फिरायचे. 'पाण्याचे चक्र' हा तक्ता निदान पाच बॅचनी वापरला असेल, ढग पिवळे पडले होते.

भिंगरी

तक्त्यांवरून हसू आलं, पण मला जे सांगायचंय ते हसण्यासारखं नाही.

मी एका खासगी विनाअनुदानित अध्यापक महाविद्यालयात होते. नाव लिहिणार नाही. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन तुकड्यांच्या बी.एड.ला, म्हणजे दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी असतील तर, प्राचार्यांसह १६ पूर्णवेळ प्राध्यापक हवेत. शिक्षणाच्या मूलभूत विषयांना ४, अध्यापनपद्धतींना ८, आणि आरोग्य-शारीरिक शिक्षण, दृश्यकला, सादरीकरण कला यांना प्रत्येकी एक. कागदावर आमच्याकडे सगळे होते. प्रत्यक्षात आम्ही मोजके जण सगळं ओढत होतो. मी मराठी अध्यापनपद्धती, मूल्यमापन आणि जेंडर असं सगळं घ्यायचे. तपासणी समिती येणार त्या दिवशी अनोळखी चेहरे हजेरीपटावर सही करून खुर्च्यांवर बसलेले असायचे. पगार बँकेत नियमाप्रमाणे जमा व्हायचा आणि ठरलेली रक्कम रोख परत द्यावी लागायची. विरोध केला की 'तुमच्या जागी उद्या दुसरी येईल.' आणि ती आलीही.

त्यामुळे भरती म्हटलं की मला विद्यापीठातली ती एक जागा आठवत नाही, या हजारो न भरलेल्या जागा आठवतात. सुप्रीम कोर्टाने न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला त्याच्या मुळाशी महाराष्ट्रातल्याच २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचं प्रकरण होतं, हे आपण विसरतो. आयोगाचा अहवाल २०१२ चा. त्याचा हवाला देऊन २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की देशातल्या दहा हजारांवर एकल (फक्त शिक्षक-शिक्षणाचेच अभ्यासक्रम चालवणाऱ्या) शिक्षक-शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. सरकारी कागदावर इतकं स्पष्ट लिहिलं गेलंय. त्या संस्थांतून बाहेर पडलेले एम.एड.वालेच पुढे तुमच्या जागेला अर्ज करणार आहेत.

राधिका_पी

भिंगरी, वाचून सुन्न झाले. तुम्ही आता काय करता?

भिंगरी

शाळेत शिकवते. आठवी-नववीला मराठी. पगार वेळेवर होतो आणि पूर्ण हातात येतो.

त्रिज्या

मी उलट्या बाजूने अडकलेली आहे, म्हणून लिहिते. गणितात एम.एस्सी. केलं, मग गणितशिक्षणात पीएचडी. मुलं अपूर्णांक आणि बीजगणितात नेमकी कुठे अडकतात यावर माझं काम आहे. शाळांमध्ये जाऊन, मुलांसमोर बसून, त्यांच्या वह्या वाचून केलेलं काम. पण माझ्याकडे एम.एड. नाही. त्यामुळे बी.एड.ला गणिताची अध्यापनपद्धती शिकवायला मी अपात्र, कारण एनसीटीईला विषयातली पदव्युत्तर पदवी आणि वर एम.एड. दोन्ही हवं. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे, तिथून विज्ञान आणि गणितशिक्षणात पीएचडी करून लोक बाहेर पडतात. त्यांच्यातल्या एम.एड. नसलेल्यांसाठीही बी.एड. कॉलेजाचं हे दार बंदच.

गंमत म्हणजे राष्ट्रीय धोरणात हेच लिहिलंय की शिक्षणशास्त्र विभागातले प्राध्यापक विविध वाटांनी आलेले असावेत, प्रत्येकाला पीएचडी हवीच असं नाही, अध्यापनाचा, क्षेत्रकामाचा, संशोधनाचा अनुभव मोलाचा मानावा, आणि मानसशास्त्र, बालविकास, भाषाविज्ञान, समाजशास्त्र, तसंच विज्ञानशिक्षण, गणितशिक्षण अशा विषयांतली माणसं आणावीत आणि टिकवावीत. दिल्ली विद्यापीठाचा बी.एल.एड. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम १९९४ पासून अशाच मिश्र प्राध्यापकवर्गावर उभा राहिला. धोरणाचा परिच्छेद एक सांगतो, जाहिरात दुसरंच मागते.

रोस्टरकर

त्रिज्या, युजीसीने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला त्यात पदवीचा विषय वेगळा असला तरी ज्या विषयात नेट किंवा पीएचडी आहे त्या विषयात सहायक प्राध्यापक होता येईल असं होतं. तुमच्यासारख्यांना त्याने वाट मिळू शकते. पण मसुदा म्हणजे नियम नव्हे. आणि बी.एड.साठी एनसीटीईचे निकष वेगळे राहिले तर अडचण तिथेच.

तासिकावाला

म्हणजे उद्या एम.एड. न केलेलेही आमच्या रांगेत येणार. आम्ही बी.एड., एम.एड.ला चार वर्षं घालवली ती कशाला?

त्रिज्या

दादा, तुमच्या जागेवर यायचंच नाहीये मला. १६ जणांत गणितपद्धतीला जो माणूस हवा तो खरोखर नेमला गेला तर तुम्हालाही जागा आहे आणि मलाही. भिंगरीताईंनी सांगितलेल्या रिकाम्या खुर्च्या भरल्या तर आपण एकमेकांशी भांडणारच नाही.

तासिकावाला

हे मात्र खरं बोललात.

अण्णा_निवृत्त

मी विषयतज्ज्ञ म्हणून बऱ्याच निवड समित्यांवर बसलो आहे. एक प्रसंग सांगतो, जागा आणि माणसं सांगणार नाही.

पद गणित अध्यापनपद्धतीचं. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होतो. सहावीतली मुलगी म्हणते, 'सर, भागाकार केला की उत्तर लहान यायला पाहिजे ना? मग अर्ध्याला पावने भागलं तर दोन कसे आले? मोठं कसं झालं?' तिला काय सांगाल?

पहिल्या उमेदवाराकडे शोधनिबंध भरपूर, पुस्तकं दोन. ते म्हणाले, दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, हा नियम समजावून सांगीन. मी म्हटलं, नियम तिला येतो, म्हणूनच तिने दोन उत्तर काढलंय. तिचा प्रश्न वेगळा आहे. मग ते ज्ञानरचनावादावर (मूल स्वतःच ज्ञान रचतं, या सिद्धांतावर) बोलू लागले. चांगलं बोलले, पण मुलगी तिथेच राहिली.

आणखी एक जण आश्रमशाळेत शिकवून आलेले. ते आधी थांबले. मग म्हणाले, 'मी तिला विचारीन, आठ भागिले दोन म्हणजे तू काय करतेस? ती म्हणेल, आठात दोन किती वेळा बसतात ते बघते. मग अर्ध्यात पाव किती वेळा बसतो ते बघ म्हणेन.' टेबलावरचा कागद घेतला, मधोमध घडी घालून अर्धा केला, त्याची पुन्हा घडी घातली आणि दाखवलं. इथवर कुणीही चांगला शिक्षक येईल. पण पुढे ते म्हणाले, 'सर, इथे मुलं आणखी एकदा अडकतात. उत्तर दोन आलं की विचारतात, दोन म्हणजे दोन पाव का? दोन पाव म्हणजे तर अर्धाच. म्हणून मी दोन आकडा लगेच लिहीत नाही. आधी दोन वेळा असं बोलायला लावतो.'

हे वाक्य वर्गात शिकवल्याशिवाय तोंडात येत नाही. समितीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. निवड त्यांचीच झाली. पण छाननीच्या यादीत ते अगदी तळाला होते. बोलावलेल्यांची यादी दोन नावांनी लहान असती तर ते आमच्यासमोर आलेच नसते. तुमच्या अटीचं महत्त्व मला तिथे दिसतं, सुजाताताई. ही माणसं दारातून आत येण्यासाठी अट हवी.

केतकी_ओहायो

अण्णा, तुम्ही सांगितलं त्याला ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये 'पेडॅगॉजिकल कंटेंट नॉलेज' असं नाव दिलं आणि जगभर त्यावर संशोधन झालं. विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या येणं वेगळं, आणि हा विषय या मुलाला कुठे अडेल हे ठाऊक असणं वेगळं. आपल्या बी.एड.ला 'आशययुक्त अध्यापन पद्धती' हा पेपर होता तो याच विचाराचा. शिकवणाऱ्याला ते ठाऊक नसलं की त्याची पुन्हा व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा होते.

शुभदा_नाशिक

मला एक भीती वाटते. अनुभवाची अट आली की अनुभवाचे दाखले विकले जातील. खासगी शाळांत आजही मिळतात. ज्याने खरोखर शिकवलं तो आणि ज्याने दाखला आणला तो, कागदावर सारखेच. दुसरं, मुलींचं काय? लग्न, बाळंतपण, बदली, त्यात तीन सलग वर्षं मोजत बसलात तर चांगल्या शिक्षिका गळतील. सलग हा शब्द तरी नको.

गावशाळा

दाखल्याचं सोपं आहे. पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी किंवा सेवापुस्तकाची नोंद मागा. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांचं सगळं शालार्थ या सरकारी पगार प्रणालीमध्ये असतं. आणि शिक्षणसेवक म्हणून केलेली तीन वर्षंही धरा, मानधनावर का होईना, पण तो पूर्ण वर्ग सांभाळतो.

दुसरी अडचण आमच्या बाजूची. कायम शिक्षकाने अर्ज करायचा तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. कार्यालयात ती फाईल महिनोन्महिने फिरते, तोवर अंतिम तारीख टळते. मुलाखतीच्या दिवसापर्यंत ना हरकत आणायची सवलत जाहिरातीत दिलीत तर खूप जण अर्ज करतील. आमच्या तालुक्यात नेट-सेट झालेले शिक्षक आहेत, पीएचडी झालेलेही आहेत. त्यांना अशी जाहिरात निघाली हे कळतसुद्धा नाही.

मोहन_जी

युजीसीच्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' (कामाच्या अनुभवावर प्राध्यापक नेमायच्या) योजनेखाली घ्या ना अशा अनुभवी शिक्षकांना. नेटची अट नाही.

रोस्टरकर

त्या योजनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, पण मंजूर पदांखेरीज, साधारण १५ वर्षांचा अनुभव, जास्तीत जास्त चार वर्षं. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की शिक्षकी पदावर असलेल्या वा तिथून निवृत्त झालेल्यांना हे पद खुलं नाही. उद्योगातल्या लोकांसाठी केलेली योजना आहे ती. शाळेतला उत्तम शिक्षक त्यात बसवायला गेलात तर आक्षेप येणारच.

पाटीपेन्सिल

मला तर हे उलटं करावंसं वाटतं. भरतीच्या वेळी अनुभव मागण्यापेक्षा भरती झाल्यावर शाळेत पाठवा. वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक संलग्न रुग्णालयात रोज रुग्ण बघतात. एनसीईआरटीच्या अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरच्या प्रादेशिक संस्थांना स्वतःची प्रात्यक्षिक शाळा आहे. आपल्या विद्यापीठांनी शेजारच्या महापालिका शाळेशी करार करावा आणि शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक प्राध्यापकाने आठवड्याला दोन तास तिथे शिकवावं, ते कार्यभारात धरावं. वीस वर्षांपूर्वी तीन वर्षं शिकवलेलं आज कितीसं उरतं? मोबाइल हातात असलेली आजची मुलं निराळी आहेत.

निळाई

हे मला मनापासून पटलं. हे सगळ्यांना लागू होईल, धोरण शिकवणाऱ्यालाही आणि पद्धती शिकवणाऱ्यालाही. मीही जाईन.

सुजाता_अध्यापन

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल पुन्हा बैठक झाली. इथलं बरंचसं मी तिथे मांडलं, नावं न घेता.

आमचं पद अध्यापनपद्धतीचं आहे, धोरणाचं नाही. त्यामुळे केतकीने सांगितलेला मुद्दा चालला : अट या पदापुरती. मसुदा आता असा आहे : 'शाळेत किमान ३ वर्षं पूर्णवेळ अध्यापन (सलग असण्याची आवश्यकता नाही, शिक्षणसेवक कालावधी ग्राह्य), अथवा शालेय वर्गात प्रत्यक्ष केलेलं तितक्याच कालावधीचं क्षेत्रकाम वा संशोधन.' पुरावा म्हणून सेवापुस्तक, भविष्यनिर्वाह निधी किंवा संस्थेचा अहवाल. ना हरकत मुलाखतीच्या दिवसापर्यंत. छाननीत याला किती वजन ते ठरावात लिहून कुलसचिवांकडे पाठवतोय, रोस्टरकरांनी सांगितलं तसं जाहिरातीच्या आधी.

ज्यांनी पहिल्या बैठकीत विरोध केला होता त्यांनी एक अट घातली : प्रात्यक्षिक पाठ सगळ्या उमेदवारांचा व्हावा आणि तो आमच्या एम.एड.च्या विद्यार्थ्यांसमोर नव्हे, शेजारच्या शाळेतल्या मुलांसमोर. मी लगेच हो म्हटलं. मुख्याध्यापिकांशी बोलणं झालंय, सातवीचा वर्ग मिळतोय.

आता एकच मदत हवी. पाठ झाल्यावर समितीने उमेदवाराला विचारायचे प्रश्न. अण्णांचा अपूर्णांकाचा घेतला आहे. भाषा आणि विज्ञानासाठी सुचवा.

भिंगरी

भाषेसाठी : उमेदवाराला तुमच्या सातवीतल्या चार मुलांच्या निबंधाच्या खऱ्या वह्या द्या. एकीत शुद्धलेखन भयंकर पण म्हणणं नेमकं, एक मार्गदर्शकातून उतरवलेला, एक चारच ओळींचा, आणि एक घरी दुसरी बोली बोलणाऱ्या मुलाचा. पंधरा मिनिटं द्या आणि विचारा, उद्या सकाळी या चौघांना प्रत्येकी काय सांगाल. बोलीतल्या निबंधावर लाल पेन कसं चालतं ते नीट बघा.

त्रिज्या

विज्ञानासाठी : 'उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून गरम होतं' असं मूल म्हणतं. त्याला चूक न म्हणता पुढे कसं न्याल? जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते हे उमेदवाराला ठाऊक आहे का तेही कळेल.

तासिकावाला

ताई, जाहिरात निघाली की दुवा इथे टाका. माझ्याकडे सीएचबीच्या आधी एका माध्यमिक शाळेतली वर्षं आहेत, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीसकट. आजवर कुणी विचारलीच नव्हती. अर्ज करतो.